झडीतही पेटणारी चूल : घरच्या टाकाऊ वस्तूंपासून पेटवण

विदर्भातल्या आमच्या भागातल्या खेड्यांत चूल पेटवण्यासाठी आज सर्वांत जास्त काय वापरले जाते, असे कुणी विचारले तर खरे उत्तर 'पन्नी', म्हणजे टाकाऊ प्लास्टिक, हे आहे. दुधाची पिशवी, वेफर्सचे पाकीट, खताच्या पोत्याची चिंधी, तुटलेल्या चपलेचा तळ, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, यांपैकी जे हाताशी येईल ते पेटवून पऱ्हाटीखाली (कपाशीच्या वाळलेल्या झाडांखाली) सरकवायचे, ही सवय घरोघरी पडली आहे. रेशनच्या दुकानात रॉकेल मिळत होते तोवर पळीभर रॉकेलावर काम भागत असे. ते मिळेनासे झाले आणि त्याची जागा पन्नीने घेतली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर घरोघरी गॅस आला हे खरे, परंतु आंघोळीचे पाणी, ढोरांसाठी शिजवायची सरकी, ज्वारीच्या भाकरी आणि पाहुण्यांसाठीचे रोडगे (कणकेचे भाजलेले जाड गोळे) आजही चुलीवर किंवा गोवऱ्यांच्या आरावरच होतात. त्यामुळे इस्तो, म्हणजे विस्तव, पेटवण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

पन्नी नको म्हणायचे तर तिच्याऐवजी काय, हे सांगता आले पाहिजे. घरातल्याच टाकाऊ वस्तूंपासून, जवळजवळ बिनखर्चाने, आठ-दहा मिनिटे जळत राहणारे पेटवण कसे तयार करावे, ते कसे साठवावे आणि झड (दिवसचे दिवस चालणारा पाऊस) लागलेली असताना ओल्या सरपणाखाली ते कसे वापरावे, हे मी या लेखात क्रमाने सांगत आहे. यातला प्रत्येक प्रकार मी स्वतः करून आणि जाळून पाहिलेला आहे. काही प्रकार फसले, तेही सांगेन.

पेटवणात असते काय

समई डोळ्यांपुढे आणावी. नुसता कापूस पेटवला तर तो भुर्रकन जळून जातो, आणि नुसत्या तेलात जळती काडी बुडवली तर काडीच विझते. तेलात भिजलेली वात मात्र तासन् तास जळते, कारण तेल वातीवाटे वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. मेणबत्तीचेही तसेच आहे. म्हणून चांगल्या पेटवणात वात आणि तेल अशा दोन गोष्टी असाव्या लागतात. वातीचे काम कापूस, लाकडाचा भुसा, पुठ्ठा किंवा कुटार (मळणीनंतर उरलेला शेंगा-काड्यांचा चुरा) करते आणि तेलाचे काम मेण करते. वात फार आणि तेल कमी झाले तर पेटवण कागदासारखे क्षणात संपते. तेल फार आणि वात कमी झाली तर वितळलेले मेण चुलीत ओघळून भडका उडवते. पुढची सगळी मापे या एका हिशेबातून आली आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. ओल्या लाकडातले पाणी उकळून निघून जाईपर्यंत त्या लाकडाचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जातच नाही, आणि लाकडातून जळणारा वायू जोमाने सुटायला साधारण अडीचशे ते तीनशे अंश उष्णता लागते. माचिसच्या काडीचे आयुष्य काही सेकंदांचे असते. काडी विझल्यावर लाकूड नुसते धुमसत राहते, डोळ्यांना झोंबणारा धूर होतो आणि मग घरातली बाई फुकणी घेऊन पंधरा मिनिटे फुंकत बसते. पेटवण आठ-दहा मिनिटे एकाच जागी ज्योत धरून ठेवते, तेवढ्यात बारीक काड्यांतली ओल निघून जाते.

चुलीत काय घालू नये

पन्नीच्या धुरात काजळी, कार्बन मोनॉक्साईड आणि इतर घातक वायू असतात. चपला, रेक्झिन आणि विजेच्या वायरचे वेष्टण यांतले प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते, आणि ते जळताना आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. हा धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो आणि आरावर शेकल्या जाणाऱ्या रोडग्यांना लागतो. शिवाय राखेचा विचार कुणी करत नाही. चुलीची राख आपण भांडी घासायला आणि वांग्या-मिरचीच्या झाडांवर भुरभुरायला वापरतो. पन्नी जाळलेल्या चुलीची राख दोन्ही कामांना निकामी होते.

काही वस्तू कागदासारख्या दिसतात, पण कागद नसतात. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. फळांच्या रसाच्या खोक्यात प्लास्टिकबरोबर ॲल्युमिनियमचाही पापुद्रा असतो. दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावतीच्या कागदावर रसायनाचा लेप असतो. फर्निचरच्या दुकानातला भुसा बहुतेक वेळा प्लायवूड आणि तत्सम पाट्यांचा असतो व त्यांत चिकटद्रव्य असते. माझा पहिला घाणा याच भुशामुळे वाया गेला. पेटवण पेटले छान, पण त्याच्या धुराने घरातल्या सर्वांच्या डोळ्यांतून पाणी काढले, म्हणून ती पंधरा-वीस पेटवणे मला मातीत गाडावी लागली. तेव्हापासून मी भुसा फक्त आरा मशीनवरून (लाकडाच्या वखारीतल्या कापणी यंत्रावरून) आणतो.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना आहे. फवारणीच्या औषधाचे खोके, औषध लावलेल्या रंगीत बियाण्याची पिशवी आणि फवारणीच्या वेळी तोंडाला बांधलेले फडके यांपैकी काहीही पेटवणासाठी घेऊ नये. पुठ्ठा कितीही कोरडा आणि जाड असला तरी नाहीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना याचे कारण समजावण्याची गरज नाही.

सामान केव्हा आणि कुठून जमवावे

पेटवण लागते पावसाळ्यात, पण त्याचे सामान मिळते दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. मृग लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण तेव्हा भुसा, कापूस, कागद सारेच हवेतली ओल धरून बसलेले असते.

मेणासाठी मेणबत्त्यांची थुटके सांभाळून ठेवावीत. वीज गेल्यावर लावलेल्या, दिवाळीत लावलेल्या, वाढदिवसाच्या केकवरच्या, अशा सर्वांची थुटके एका डब्यात टाकत जावीत. ज्या गावात बुद्धविहार आहे तिथे १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवसांनंतर वितळून थिजलेल्या मेणाचे थरच्या थर उरतात आणि ते सहसा झाडून फेकले जातात. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारून ते मागून आणावेत. जागेची साफसफाई करून दिली तर कुणी नाही म्हणत नाही. रंगीत मेण चालते. त्यात अडकलेल्या माचिसच्या काड्या, फुलांच्या पाकळ्या आणि धूळ पुढे गाळण्यात निघून जाते.

वातीच्या सामानाला आपल्याकडे तोटा नाही. बोंडातच किडलेला, पिवळा पडलेला कवडी कापूस बाजारात कवडीमोल असतो, पण पेटवणाला तो उत्तम. जुन्या गादीतला कापूसही चालतो, मात्र हल्लीच्या गाद्यांत आणि उशांत बरेचदा पॉलिस्टरचे तंतू भरलेले असतात. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून पेटवून पाहावेत. कापूस असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने विस्कटणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर असेल तर ते आक्रसते, वितळते आणि टोकाशी काळा टणक मणी तयार होतो. मणी झाला की ती गादी बाद. वापरलेल्या कापडाच्या चिंध्यांनाही हीच परीक्षा लावावी, कारण आजकालच्या साड्यांत सुती फार थोड्या.

भुसा सागाचा, आंजनाचा, बाभळीचा, कुठलाही चालेल. भुसा मिळत नसेल तर सोयाबीनचे कुटार चाळून घ्यावे. तुरीचे कुटार मी वापरत नाही, कारण ते ढोरांच्या तोंडचा चांगला चारा आहे. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांच्या मनात भाताचे तूस येईल, परंतु तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राखेचा असतो आणि ती राख मुख्यतः सिलिकाची. त्यामुळे तूस धुमसते, ज्योत धरत नाही. भट्टीत ते चालते, पेटवणात चालत नाही.

याशिवाय अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मिळवावेत. किराणा दुकानदार आणि आम्लेटच्या गाडीवाले ते फुकट देतात. एका ट्रेला ३० कप्पे असतात. प्लास्टिकचा ट्रे घेऊ नये, हे ओघानेच आले.

मेण वितळवण्याची रीत

या कामात खरा धोका आहे तो याच टप्प्यावर, म्हणून इथे घाई चालत नाही.

मेणबत्तीचे मेण साधारण ५० ते ६५ अंशांना वितळते. ते थेट आचेवर ठेवले तर वितळल्यानंतरही तापतच राहते, आणि सुमारे २०० अंशांच्या पुढे त्याच्या वाफा ज्योत दिसताच पेट घेतात. म्हणून मेणाचे भांडे कधीही थेट चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नये. मोठ्या गंजात (पातेल्यात) चार बोटे पाणी घ्यावे, तळाशी तीन सपाट गोटे ठेवावेत आणि त्यांवर मेणाचा डबा ठेवावा. तेलाचा किंवा तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा यासाठी उत्तम, कारण त्याचा काठ चिमटीने दाबून ओतण्यासाठी चोच करता येते. पाणी १०० अंशांपुढे तापत नाही, त्यामुळे मेणही त्यापुढे जात नाही. गंजातले पाणी आटू लागले की वेळीच भर घालावी. पाणी संपले तर या साऱ्या मांडणीचा अर्थच उरत नाही.

काम अंगणात करावे, वारा नसताना करावे, आणि भडकलेल्या जाळाऐवजी निखाऱ्यांवर करावे. शेजारी बादलीभर कोरडी माती आणि डब्यावर पूर्ण बसेल असे झाकण तयार असावे. मेणाने पेट घेतलाच तर झाकण टाकावे किंवा माती टाकावी. पाणी मुळीच टाकू नये. जळत्या मेणात पाणी पडले की ते तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते आणि पेटते मेण चहूकडे उडवते. अंगावर मेण सांडले तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. कातडीला चिकटलेले मेण ओढून काढू नये, आणि टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काही लावू नये. लहान मुले आणि ओढणीचा सैल पदर या दोघांनाही या कामापासून दूर ठेवावे.

मेण पूर्ण वितळले की जुन्या चहागाळणीतून दुसऱ्या कोरड्या डब्यात गाळून घ्यावे. 'कोरड्या' या शब्दावर माझा जोर आहे. एकदा धुतलेला डबा नीट न पुसता मी त्यात मेण ओतले आणि ते तडतडून मनगटावर उडाले. डाग अजून आहे.

अंड्यांच्या ट्रेमधले पेटवण

सर्व प्रकारांत मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो. भुसा दोन दिवस कडक उन्हात पत्र्यावर पसरून वाळवावा. मुठीत घट्ट दाबून मूठ उघडल्यावर त्याचा गोळा न राहता तो भुरभुर सुटला पाहिजे. गोळा राहिला तर अजून ओल आहे. मग प्रत्येक कप्प्यात भुसा काठोकाठ भरावा आणि बोटाने हलकेच दाबावा. ठासून भरू नये, कारण ठासलेल्या भुशात मेण खाली उतरत नाही आणि ज्योतीला हवा मिळत नाही. दाबल्यावर भुसा काठाच्या अर्धे बोट खाली बसला की माप बरोबर.

ट्रेखाली जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी घालावी आणि मेण बारीक धारेने, कप्प्याच्या मध्यापासून कडेकडे गोल फिरवत ओतावे. एक कप्पा एका दमात भरण्याऐवजी सगळ्या कप्प्यांवरून एक फेरी मारावी, मेण खाली जिरू द्यावे आणि मग दुसरी फेरी मारावी. पुरे झाले हे भुशाच्या रंगावरून कळते. पृष्ठभाग ओल्या वाळूसारखा गडद दिसावा आणि भुशाचा कण न् कण वेगळा ओळखू यावा. वर मेणाचा आरसा चमकू लागला तर मेण जास्त झाले, त्यावर चिमूटभर कोरडा भुसा टाकून दाबावे. माझ्या मापाने ३० कप्प्यांच्या एका ट्रेला साधारण ४०० ग्रॅम मेण लागते. भुसा जाडाभरडा असेल तर थोडे जास्त.

मेण अर्धवट थिजत आले असताना प्रत्येक कप्प्याच्या कडेला सुती चिंधीचा बोटभर लांब तुकडा अर्धा आत खोचला तर पेटवायला सोपे जाते. हे आवश्यक नाही, कारण ट्रेच्या पुठ्ठ्याची फाटलेली कडच वातीचे काम करते. म्हणून कप्पे वेगळे करताना कात्री वापरू नये, हाताने फाडावेत. फाटलेल्या कडेचे सुटे तंतू काडी लागताच पेट घेतात, कात्रीने कापलेली गुळगुळीत कड मात्र दोन-तीन काड्या खाते.

पूर्ण घाणा करण्याआधी एक पेटवण अंगणात दगडावर ठेवून, घड्याळ लावून जाळून पाहावे. माझे ९ ते ११ मिनिटे जळते. पाच मिनिटांच्या आत संपले तर मेण कमी पडले आहे. खाली मेणाचे डबके साचून तेही जळू लागले तर मेण जास्त आहे.

किती करावेत याचा हिशेब सोपा आहे. पावसाळ्याचे चार महिने रोज पेटवण लागत नाही, कारण उघडीप असते तेव्हा तुराट्यांच्या काड्या आणि कागद पुरतात. झडीचे आणि तिच्यामागचे ओलसर दिवस धरून चाळीस-पंचेचाळीस पेटवणे लागतात असा माझा अनुभव आहे. म्हणजे दोन ट्रे केले तर ते पुरून वर थोडी उरतात.

कापसाचे गोळे आणि जवसाच्या तेलाचा धोका

मेण थोडेच जमले असेल तर कापसाचा प्रकार करावा. सुपारीएवढा कापूस सैलसर वळावा, चिमट्यात धरून वितळलेल्या मेणात अर्धाच बुडवावा आणि लगेच बाहेर काढून थेंब निथळू द्यावेत. मेण लागलेली बाजू टिकते आणि कोरडी बाजू झट पेट घेते. पेटवताना कोरड्या टोकाचे दोन-चार तंतू ओढून विस्कटावेत. मुदत संपलेले व्हॅसलिन घरात पडून असेल तर मेणाऐवजी तेही बोटाने कापसात मळता येते. त्याला वितळवण्याची कटकट नाही, पण असा गोळा चार-पाच मिनिटेच जळतो.

तळणाच्या उरलेल्या तेलात कापूस भिजवण्याची कल्पना बहुतेकांना सर्वांत आधी सुचते, कारण ते तेल प्रत्येक घरात असते. ताज्या वापरासाठी ती चांगली आहे. साठवणीसाठी मात्र नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. विदर्भात जवस पूर्वापार पिकते आणि जवसाचे तेल आजही कित्येक घरांत असते. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, म्हणूनच ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. प्राणवायू शोषताना उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते, पण जवसाच्या तेलात भिजलेल्या कापसाचा किंवा चिंध्यांचा ढीग केला की आतली उष्णता आतच कोंडते, वाढत जाते आणि काही तासांत तो ढीग कुणी काडी न लावता पेटू शकतो. सोयाबीन, करडई आणि सरकीच्या तेलांत हा गुण कमी असतो, पण असतो. कापसाच्या घरात, उन्हाळ्यात, पत्र्याखाली असा ढीग ठेवणे म्हणजे वणव्याला आमंत्रण आहे.

म्हणून माझा नियम असा आहे : जवसाचे तेल पेटवणासाठी वापरायचेच नाही, आणि तळणाच्या दुसऱ्या तेलात भिजवलेला कापूस त्याच दिवशी चुलीत घालायचा. साठवणीला फक्त मेण, कारण मेणाला ही खोड नाही. शिवाय तेलाच्या गोळ्यांना भज्यांचा वास येतो आणि उंदीर ते पळवतात, ही अडचण वेगळीच. मी एकदा सोयाबीन तेलाचे बारा गोळे कोनाड्यात ठेवले होते. चौथ्या दिवशी त्यांतले पाच उरले आणि बाकीच्यांचा कापूस धान्याच्या कोठीमागे उंदरांनी अंथरलेला सापडला. आग लागली नाही, हे नशीब.

संत्र्याची साल, कागद आणि शेणाच्या वड्या

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे घराघरांत सालींचा ढीग पडतो. संत्र्याच्या सालीतले तेल मुख्यतः लिमोनिन नावाच्या द्रव्याचे असते आणि ते चांगले ज्वालाग्राही आहे. ताजी साल ज्योतीजवळ धरून दुमडली तर तिच्यातून उडणारे तुषार चरचर पेटताना दिसतात. साली सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी वाळवाव्यात, कारण कडक उन्हात त्यांतले बरेचसे तेल उडून जाते. मोडल्यावर कटकन आवाज आला की वाळल्या. पण साल एकटी पुरत नाही, ती मिनिटभर तडतडते आणि संपते. चार-पाच साली कागदात गुंडाळून वर तुराट्यांच्या काड्या रचल्या तर उघडिपीच्या दिवशी मेणाचे पेटवण वाचते, एवढाच तिचा उपयोग. वास मात्र फार छान येतो.

कागदाबद्दल थोडक्यात : वर्तमानपत्र आणि मुलांच्या जुन्या वह्या चांगल्या जळतात, मासिकांचा चकचकीत कागद नीट जळत नाही, कारण त्यात पांढऱ्या मातीसारखे खनिज मिसळलेले असते. कागद चुरगळून टाकण्यापेक्षा पिळून त्याची गाठ मारावी, ती दुप्पट वेळ टिकते. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या गुंडाळून मेणात बुडवल्या तर त्याही उत्तम पेटवण होतात, कारण पुठ्ठ्यातल्या नळ्या मेण धरून ठेवतात. त्यावरची चिकटपट्टी आधी सोलून काढावी.

ज्यांच्याकडे मेण अजिबात नाही त्यांनी शेणाच्या वड्या कराव्यात. दोन भाग ताज्या शेणात एक भाग भुसा किंवा सोयाबीनचे चाळलेले कुटार मळावे आणि नेहमीच्या गोवरीऐवजी बोटभर जाडीच्या, पापडाएवढ्या पातळ वड्या थापून, मधोमध काडीने भोक पाडून आठवडाभर वाळवाव्यात. भोकामुळे वडी लवकर वाळते, दोरीत ओवून टांगता येते आणि जळताना तिच्यातून हवा खेळते. ही वडी काडीने पेटत नाही, तिच्याखाली कागदाची गाठ लागते. पण एकदा लागली की विस्तव सोडत नाही.

साठवण

मेणाचे पेटवण पावसापेक्षा उन्हाला जास्त भिते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली, आढ्याजवळ ठेवलेल्या डब्यात त्याहून अधिक. तेवढ्या उष्णतेत मेण मऊ होऊन पेटवणे एकमेकांना चिकटतात. दोन थरांमध्ये वर्तमानपत्र घालावे आणि डबा जमिनीलगत, माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात, पण ओलीपासून विटेवर उचलून ठेवावा. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबाच घ्यावा. चुलीच्या वरचा कोनाडा हाताशी असला तरी तिथे ठेवू नये. पेटवणांचा रंग आणि आकार मुलांना खाऊसारखा वाटू शकतो, म्हणून डबा त्यांच्या हाती लागणार नाही असा असावा.

पऱ्हाटीचेही इथेच सांगतो. सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत, तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या आणि कोष लपून राहतात. गंजी शेतात किंवा बांधावर न ठेवता बोंडे झाडून घराकडे आणावी आणि पावसाआधी तिची एक पेंडी तरी घरात, आडोशाला घ्यावी. पेटवण कितीही चांगले असले तरी त्याच्यावर ठेवायला मूठभर कोरड्या काड्या लागतातच.

झडीत चूल पेटवताना

तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या झडीत सरपणाबरोबर चूलही ओली झालेली असते. मातीच्या चुलीच्या तळाशी बसलेली राख ओल धरते आणि पेटवणाची उष्णता शोषून घेते, म्हणून आधी ती ओढून काढावी आणि तळाशी कोरड्या कवेलूचा (छपरावरच्या कौलाचा) तुकडा ठेवावा. कवेलूवर, चुलीच्या तोंडापासून वीतभर आत, पेटवण ठेवावे. त्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढ्या जाडीची दोन लाकडे समांतर ठेवावीत आणि त्यांवर आडव्या तुराट्यांच्या काड्या, काडी-काडीत बोटभर फट ठेवून मांडाव्यात. पेटवणाची ज्योत काड्यांना खालून चाटेल एवढीच उंची असावी. काड्या थेट पेटवणावर टेकवल्या तर ते गुदमरते.

पेटवण फाटक्या कडेला काडी लावून पेटवावे आणि पहिली दोन मिनिटे फुकणीला हात लावू नये. इथे सगळे चुकतात. ज्योत लहान दिसते, धूर निघतो, की लगेच फुंकायला सुरुवात होते आणि अजून न तापलेल्या काड्यांवर गार हवेचा झोत बसतो. काड्यांतून फसफसत पाण्याचे बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत वाट पाहावी. ते थांबले आणि काड्यांची खालची बाजू काळी पडली की मग पऱ्हाटीचे तुकडे तिरपे रचावेत, आणि ते पेटल्यावर जाड लाकूड. एव्हाना चार-पाच मिनिटे झालेली असतात आणि पेटवण निम्मे उरलेले असते, ते उरलेले पऱ्हाटीच्या कामी येते. त्याच वेळी दुपारच्या चुलीसाठीची ओली लाकडे चुलीच्या दोन्ही अंगांना, जाळ लागणार नाही पण ऊब लागेल अशी, उभी करून ठेवावीत.

रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर दोन-तीन चांगले निखारे चुलीच्या मागच्या कोपऱ्यात ओढून त्यांवर गोवरीचा तुकडा ठेवावा आणि वरून राखेने अलगद झाकावे. दार-खिडकी बंद करून त्याच खोलीत झोपायचे असेल तर हे करू नये, कारण धुमसत्या विस्तवाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. स्वयंपाकघर वेगळे आणि वर कवेलू उचललेले असेल तर हरकत नाही. पहाटे राख बाजूला सारली की आत लाल डोळा दिसतो. त्यावर कोरड्या कापसाचा पिंजलेला झुपका ठेवून एक फुंकर मारली, तर त्या दिवशी पेटवणाचा डबा उघडावा लागत नाही.